नखाच्या मुळाशी

मॅडम, आज शेजारच्या लहान मुलीने मेंदीचा हात दाखवायला पुढे केला आणि मी सवयीने तिचं बोट उजेडात धरलं. तिची आई हसून म्हणाली, आजोबा, मेंदी बघा, नखं काय बघताय? मी घरी आलो, दार लागलं का ते दोनदा पाहिलं आणि लिहायला बसलो. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरात बोलायला कुणी नाही.

नव्वदच्या दशकातली सालं. तुमच्या मुलांच्या ओपीडीच्या दारावर मी शिपाई. मुलांचं बोट स्थिर धरायचं, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडायचा, मग तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावायचात. एकदा मलाही दाखवलंत. केसांच्या आकड्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या, ओळीने उभ्या. पुढच्या मुलाच्या मात्र फुगलेल्या, वाकड्या, मध्येच रक्ताचा ठिपका. "मामा, आतल्या सुजेची खूण कधी कधी इथे दिसते," तुम्ही म्हणालात. सातवी शिकलेल्या माणसाला इतकं कोण समजावतं?

मेंदी असली की खालचं दिसत नाही, असं मूल आलं तर मला लगेच सांगा, असं तुम्ही बजावलं होतं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पिंपळगावहून एक बाई मुलीला घेऊन आली. पोरीच्या पायांवर जांभळे डाग, हात मेंदीने रंगलेले. आत गर्दी होती, तुम्ही चिडाल अशी मला धास्ती. बाई म्हणाली, "लय लांबून आलोय दादा, मॅडमला एकदा इचारा ना." मी पडद्याआड जाऊन नुसता उभा राहिलो आणि परत आलो. "विचारलं. मेंदी गेल्यावर या म्हणाल्या."

मेंदी गेल्यावर मायलेकी परत आल्या तेव्हा पोरीच्या बोटाचं टोक काळं पडलं होतं. मेंदी पायांना नव्हती मॅडम, ते डाग पाहूनच तुम्ही तिला ठेवून घेतलं असतं. तुम्ही केसपेपरवरची आधीची तारीख पाहून मला विचारलंत, मागच्या वेळी काय झालं? मी म्हणालो, थांबल्याच नाहीत. मग तुम्ही त्या बाईला रागावलात, "एवढी कसली घाई होती तुम्हाला?" तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुढेही तिला माझ्याच दारातून यायचं होतं.

तुम्ही निवृत्त होताना मला भिंग दिलंत, मामा, तुमची नजर चांगली आहे म्हणून. ते समोर आहे. त्यातून स्वतःची नखं बघतो, काही दिसत नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? तरी लिहितो. ती बाई थांबली होती, मॅडम. मी नाही म्हटल्यावरही दुपारी ओपीडी बंद होईपर्यंत बाकावर बसून होती.