जाळीतल्या बावीस मैत्रिणी

प्रिय ठोक्या,

हे पत्र मी बाबांच्या डब्याच्या पिशवीत तळाशी घातलं आहे. त्यांना ठाऊक नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "हं आई, बोल" म्हणतोस आणि मागे तुझं घासायचं मशीन किंचाळत असतं. शिवाय साहेबांच्या अंगणातली आपली खोली एका विटेच्या भिंतीची. मी इकडे शिंकले तर पलीकडे माळी आपली खिडकी लावून घेतो. मला जे सांगायचं आहे ते मोठ्याने बोलायची छाती होत नाही. लिहितानाही ओळी वाकड्या जात आहेत. मॅट्रिकला सुवाच्य अक्षराबद्दल बाईंनी जिची वही वर्गभर फिरवली, तिचं हे अक्षर बघ. पण शेवटपर्यंत वाच, मध्येच बाबांना हाक मारू नकोस.

बाबा चालवतात ती साहेबांची नवी गाडी दोन महिन्यांपूर्वी तुमच्या कारखान्यातून सजून आली, त्या दिवशी मी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या होत्या. तेलाच्या बाबतीत माझा हात किती आखडता आहे ते तुला माहीत आहे, त्यावरून समज मला किती आनंद झाला असेल. बाबांनीच साहेबांना तुमच्या मालकांचं नाव सुचवलं होतं, आणि गाडीवर काम माझ्या मुलाने केलेलं. आत यायला फाटकाचा एक खांब पाडावा लागला. गॅरेजात तर ती मावलीच नाही. तेव्हापासून ती अंगणात, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, तोंड इकडे करून उभी असते. माळी म्हणाला, वहिनी, ही गाडी नाही, ही भाड्याने द्यायची खोली आहे. बाबांनी मला आतून दाखवली. मागे दोनच माणसं बसणार आणि त्यांच्यासाठी एवढा पसारा: पाण्याच्या बाटल्यांचं छोटं कपाट, छताला चांदण्यांसारखे दिवे, उशांवर साहेबांच्या नावाची अक्षरं आणि पाय पुसायला माझ्या हिवाळ्याच्या शालीहून मऊ लोकर. मी चपला बाहेर काढल्या होत्या, तरी पाय टेकवला नाही.

पण सगळ्यांची नजर जायची ती पुढच्या जाळीवर. उभ्या बावीस पट्ट्या, आरशासारख्या. तू सांगितलं होतंस की मशीनने घासलं तर कडा मरतात, म्हणून शेवटचं सगळं हाताने केलंस, सव्वीस दिवस. आणखी एक गंमत तू तेव्हा फोनवर सांगितली होतीस. कंपनीने तोंडावर बसवलेला कॅमेरा आणि बंपरवरचे ते गोल ठिपके, कुणी समोर आलं की आत घंटी वाजवणारे, ते साहेबांना नको होते. "चेहऱ्यावर पुटकुळ्या कशाला?" असं ते म्हणाले. मग तुम्ही ते काढून भोकं बुजवलीत, वरून असा रंग दिलात की होती कुठे ते सापडू नये, आणि आत जो पिवळा दिवा तक्रार करत लुकलुकत होता तोही बंद करून दिलात. टायर मोठे घालून गाडी आणखी वीतभर उचललीत. पुटकुळ्यांवर तू हसलास आणि मीही हसले. ते हसणं आता आठवलं की अंगावर काटा येतो.

साहेबांची नात तू पाहिलेली नाहीस. तीन वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. एवढ्या मोठ्या घरात तिच्या वयाचं दुसरं कुणी नाही. सांभाळणारी बाई आहे, पण ती फोन सांभाळते. गाडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरीने तुझी जाळी शोधून काढली. प्रत्येक पट्टीत एक बारीक, लांबुळकी भिंगरी दिसते, हात हलवला की बावीस हात हलतात. ती समोर मांडी घालून बसायची, त्यांना नावं द्यायची, रागवायची, बिस्कीट पुढे करायची. मला खिडकीतून हाक मारून सांगायची, "आजी, या माझ्या मैत्रिणी, यांना सर्दी झालीय." मी भाजी निवडताना ते बघायचे आणि मनात म्हणायचे, बघा, माझ्या ठोक्याने एका एकट्या पोरीला केवढं मोठं गणगोत दिलं.

मग तो मंगळवार. बाबांनी सकाळी गाडी चालू केली. तिचा आवाज होत नाही, त्याचंही सगळ्यांना कौतुकच. गियर टाकणार एवढ्यात आठवलं की काच पुसायचं फडकं बाहेर राहिलंय. ते घ्यायला उतरले तर बंपरला नाक लावून भिंगरी बसलेली. फडकं आठवलं नसतं तर. बाबा घरात आले आणि पाणी न पिता भांडं हातात धरून उभेच राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. काही झालं नाही." पस्तीस वर्षांत त्यांच्या गाडीला मांजर लागलेलं नाही, हे तुला मी सांगायला नको.

रविवारी साहेब मंडळी दुसऱ्या गाडीने बाहेर गेली तेव्हा मी बाबांना गाडीत वर बसवलं आणि स्वतः गाडीपुढे उभी राहिले. ते म्हणाले, केसांचा भांग दिसतोय. पूर्ण वाढलेली बाई मी, आणि दिसला तो भांग. मग स्टुलावर बादली पालथी घातली, भिंगरीच्या उंचीची झाली. बंपरपासून एकेक पाऊल मागे सरकवत गेले आणि दर पावलाला विचारत गेले, दिसली का? नाही. आता? नाही. नवव्या पावलाला म्हणाले, हं, कड दिसतेय. ठोक्या, नऊ पावलं म्हणजे आपली खोली संपून मोरीही संपते. एवढ्या जागेत एक शाळा उभी राहील आणि चालवणाऱ्याला रस्ता रिकामा दिसेल. मी तिथेच अंगणात बसले. देवाचं नाव घ्यायला लागले तर तेही धड आठवेना.

बाबांनी साहेबांना सांगितलं. हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाले, "इतकी वर्षं कॅमेऱ्याशिवाय चालवलीस ना? मग आता काय म्हातारा झालास?" म्हातारा शब्द ऐकला की ड्रायव्हर गप्प बसतो, हे त्यांना बरोबर माहीत आहे. तेव्हापासून बाबा निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतात, वाकून चाकांखाली बघतात. त्यावरही साहेबांचं ऐकावं लागतं: "प्रदक्षिणा झाली का महाराज? प्रसाद कधी वाटताय?" मी धीर करून साहेबांच्या सूनबाईंकडे गेले. तिचं लेकरू, म्हटलं तिला तरी पोचेल. ती वाईट नाही. मला बसायला सांगितलं, चहा विचारला आणि म्हणाली, "अहो काकू, इतक्या महाग गाडीत सगळं असतं, तुम्हाला माहीत नसेल." होतं, बाई, सगळं होतं, माझ्याच मुलाने काढलं, हे माझ्या ओठांवर आलं. मी ते गिळलं. तुझी नोकरी आठवली. या एका गोष्टीची मी देवाकडे रोज क्षमा मागते, पण ती अजून मिळाली आहे असं वाटत नाही.

इकडे बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. दुपारी जरा डोळा लागला की उजवा पाय खाडकन दाबतात, गादीतच ब्रेक मारतात.

गेल्या सोमवारी साहेबांकडे दोन मोठे पाहुणे होते. पाहुणे मागे बसले, साहेब पुढे. बाबा फेरी मारायला वळले तर साहेब काच खाली करून पाहुण्यांदेखत म्हणाले, "आज प्रदक्षिणा नको, देव आधीच आत बसलाय." पाहुणे हसले. बाबा जाऊन बसले. मी ओट्याशी होते. खिडकीतून आधी पिवळा फ्रॉक दिसला आणि मग चाक हलताना दिसलं. माझ्या तोंडून आवाजच निघेना. हातात पळी होती, ती मी काचेवर हाणली. काच फुटली, त्या आवाजाने बाबांनी ब्रेक मारला. मी धावत गेले. बंपर आणि तिचं डोकं यांत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत जागा होती, जास्त नाही. मी तिला उचललं. ती घाबरली नव्हती, खुशीत होती. माझ्या कानात म्हणाली, "आजी, आज मैत्रिणी माझ्याकडे चालत आल्या."

साहेबांना आतून काहीच दिसलं नव्हतं. ते फुटलेल्या काचेवरून माझ्यावर ओरडले आणि पोर मध्ये आल्याचं मी सांगितल्यावर सांभाळणाऱ्या बाईवर. गाडी गेली. ठोक्या, पोरीच्या त्या शब्दांनी माझं रक्त गोठलं ते अजून वाहतं झालेलं नाही. डोळे मिटले की मला ती गाडी दिसत नाही, त्या बावीस जणी दिसतात, लेकराकडे चालत येणाऱ्या.

आता ऐक. तुझ्याकडे आज गाडी आली आहे ती जाळी खराब झाली म्हणून, आणि ती बाबांच्या हातून डांबर काढताना खराब झाली असं तुला सांगितलं जाईल. ते खोटं आहे. ती मी खराब केली. सोमवारी गाडी परतल्यावर सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी तारेची घासणी आणि वाळू घेतली आणि ज्या हाताने तुझ्या जन्माआधीपासून भांडी लखलखीत केली त्याच हाताने तुझं काम मारलं. दीड तास लागला. तू फार पक्कं केलं होतंस. भिंगरीचं तोंड पोचतं तिथपर्यंतच घासलं, वरचं तसंच ठेवलं आहे, बघ. साहेबांनी माळ्याला धरलं तेव्हा मी पुढे व्हायला हवं होतं, पण माझे पाय भीतीने खिळले आणि बाबांनी माझ्या बोटांवरचे ओरखडे बघून "मी केलं" म्हणून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. गाडी दुरुस्त करून परत आणायची आणि मग खोली रिकामी करायची, असा हुकूम आहे. येत्या सोमवारपासून नवा ड्रायव्हर येतो. तरुण आहे, परवा बघायला आला होता, गाडीभोवती न फिरताच बसला. आपण सुटू, ठोक्या, पण ती पोर तिथेच राहणार. तू जाळी पुन्हा पहिल्यासारखी केलीस तर ती पुन्हा तिथे जाऊन बसेल. म्हणून पट्ट्यांना हात लावायच्या आधी तो कॅमेरा आणि ते ठिपके परत बसव, भोकं उघडी कर, आतला दिवा जिवंत कर. नोकरी जाईल याची भीती तुला वाटेल. मलाही वाटते, सगळ्याचीच वाटते. बाबांची गाडी फाटकाबाहेर पडली की मी साहेबांकडे जाऊन माझं सगळं सांगणार आहे, हे लिहिण्याचा धीर आहे तोवरच, नाहीतर पुन्हा पाय खिळतील. बाबांना आधी जेवू घाल, मग हे वाचायला दे. आणि साहेबांचा फोन आला, कुणाला विचारून केलंस म्हणाले, तर खोटं बोलू नकोस. आईने सांगितलं म्हण.

रागावलास तरी तुझीच,
आई