ठोकळेवाली

१४ डिसेंबर, शनिवार

मला गप्प बसवलं! मला!

संध्याकाळी फेरीला निघताना आमच्या शोबोदानच्या, म्हणजे वस्तीतल्या स्वयंसेवी अग्निशमन तुकडीच्या, प्रमुखांनी, ओकाबेसानांनी, मला बाजूला घेतलं. "सुचेतासान, यंदा तुम्ही लाकडी ठोकळे वाजवा. आवाज मी देतो." का? तर म्हणे तक्रार आली आहे. कुणाची, ते सांगणार नाहीत. वर तीनदा वाकले. वाकून काय होतं?

चार हिवाळे मी ‘ही नो योजिन!’ ओरडत फुनाबोरीच्या गल्ल्या फिरले. आग सांभाळा – एवढंच तर सांगायचं असतं! पहिल्या वर्षी याच ओकाबेसानांनी म्हटलं होतं, "तुमचा आवाज नदीपलीकडे जातो." जपानात आल्यावर माझं काहीतरी कुणाच्या उपयोगी पडलं, ते तेव्हा पहिल्यांदा. त्या दिवशी घरी येऊन शिरा केला होता.

आणि आज? ठाक-ठाक. ठाक-ठाक. चावीच्या माकडासारखी मागून चालत होते.

१५ डिसेंबर

नवरा, सुशील, म्हणतो, "सोडून दे ना. फुकट आगी विझवायच्या, फुकट अॅम्ब्युलन्स येईपर्यंत लोकांच्या छात्या दाबायच्या, वर हे ऐकून घ्यायचं!" तोयोसूच्या उबदार ऑफिसात बसून याला सगळं सोपं वाटतं. सोडणार नाही. का सोडू?

तन्वीला विचारलं, तुला काय वाटतं? मोबाइलमधून मान वर न करता, "बेत्सुनि." काही नाही. मग म्हणे, "ठोकळे वाजव ना. इट्स ईझियर." तेरा वर्षांची झाली आणि आईशी बोलायला एवढेच शब्द!

१७ डिसेंबर, मंगळवार

कुनोसान! दुसरं कोण असणार? आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटाच राहतो म्हातारा. कचऱ्यात एक बाटली चुकून गेली तर अख्खी पिशवी दारात परत आणून ठेवतो. बाईचा आवाज, त्यात परदेशी बाईचा – खुपला असेल.

आज जिन्यात भेटला. मी नमस्कार केला नाही.

२१ डिसेंबर

पुन्हा ठाक-ठाक. ओकाबेसानांचा आवाज तर पहिल्या मजल्यापर्यंतही पोचत नाही.

परतताना तिसऱ्या मजल्यावरची स्वरूपा भेटली. "अगं, आज फेरी नव्हती का? तुझा आवाज आला की मी उठून गॅस बघते, सवयच लागलीय. नुसत्या ठकठकीनं काय कळणार, कुणी चटणी कुटत असेल असं वाटतं."

ऐका, ओकाबेसान, ऐका!

ठरवलं. ३० तारखेला शेवटची फेरी. ज्या घरानं तक्रार केली त्याच खिडकीखाली उभी राहून ओरडणार, छाती फुटेस्तोवर. मग काढा मला तुकडीतून.

२४ डिसेंबर, मंगळवार

कचरा टाकताना कुनोसानांना गाठलंच. "माझ्या आवाजाचा इतका त्रास होत होता तर मला सांगायचं! माझ्या पाठीमागे कशाला?" जपानीत भांडायला सौम्य शब्दच आठवतात, म्हणून आणखी राग आला. शेवटी मराठीतच एक वाक्य हाणलं.

त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढून कानात घातलं. "हं, आता सांगा."

संध्याकाळ झाली की काढून ठेवतात म्हणे. चार वर्षांत आमची एक फेरी त्यांनी ऐकलेली नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगितलं, माफी मागितली. ते हसले. मग म्हणाले, "पण खरंच आग लागली तर मला कसं कळणार?"

मी येईन म्हटलं. दार तोडून येईन.

राग काही गेला नाही. म्हणजे तक्रार करणारं दुसरंच कुणीतरी आहे.

२८ डिसेंबर

ओकाबेसानांचा फोन. कुनोसानांनी त्यांना सांगितलं बहुतेक. "सोमवारी जरा लवकर या. बोलायचं आहे." आवाज पडलेला. बरं झालं! मला फक्त खिडकी हवी आहे. कुठली ती.

३० डिसेंबर, सोमवार

सांगितलं त्यांनी. नाहीतर मी आणखी कुणाला धरलं असतं.

तन्वी. शाळेतून परस्पर त्यांच्या तोफूच्या दुकानात गेली होती. वाकून म्हणाली, वर्गातली मुलं आईचा व्हिडिओ काढतात, तिच्यासारखं ओरडून हसतात. तिला ओरडू देऊ नका. आणि का ते तिला सांगू नका, या कामात ती खूप खूश असते.

फेरी आमच्या बिल्डिंगखाली आली. तन्वीच्या खोलीत दिवा होता. ओकाबेसान थांबले. हळूच म्हणाले, "इथं तुम्ही द्या आवाज."

मी ठोकळेसुद्धा वाजवले नाहीत.