वजनदार टाइप

२ मार्च
नवा टाइप आला. जाड, जुन्या वळणाचा सेरिफ. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या टोकाला पावलं. ओळ कागदावर पाय रोवून उभी राहते. हल्लीचे टाइप नुसते काटकुळे, फुंकर मारली तर उडतील. आपल्या छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक का फिरकत नाही, ते आज कळलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर जागा माझ्या भावाला, मोबाइलची कव्हरं विकायला. मनातल्या मनात हसलो. बिचारा मेहुणा.

५ मार्च
समोरच्या शिंप्याच्या मुलीचा वाढदिवस. पत्रिका याच टाइपात. 'अगत्य येण्याचे करावे' काय दिसतंय! शिंपी म्हणाला, कोर्टाचं समन्स वाटतंय. यालाच भारदस्तपणा म्हणतात. पत्रिका न घेताच गेला. कपडे शिवणाऱ्याला अक्षरांतलं काय कळणार?

९ मार्च, दुपारी
ठरलं. दुकानाच्या काचेवर टाइपचा मोठा नमुना लावायचा. नमुन्याला मजकूर लागतो, आणि तो टाइपच्या प्रकृतीला मानवणारा हवा. 'खास सवलत' लावून पाहिलं; ताकीद वाटली. 'सुस्वागतम्' वाचून मीच मागे सरकलो. शेवटी एकच वाक्य शोभलं: 'हे दुकान कायमचे बंद होत आहे.' काय तोल! काय ती 'द'ची शेपटी! खाली बारीक अक्षरांत 'टाइपचा नमुना' असंही टाकलं. अगदी बारीक. नाहीतर शोभा जाते.

११ मार्च
रीघ लागली आहे! माणसं थांबतात, वाक्य शेवटपर्यंत वाचतात. शिंप्याने स्वतः चहा आणून दिला. शेजारचे डॉक्टर आत आले, खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता गेले. अक्षरं भिडली की माणसाची वाचाच बसते.

१४ मार्च
शाळेच्या मुख्याध्यापकांनी गेल्या वर्षापासून माझ्याकडे पडून असलेला वार्षिक अंकाचा मजकूर परत नेला. म्हणाले, आता तुम्हाला कशाला त्रास? किती जपतात मला!

१६ मार्च
मेहुणा टेप घेऊन आला, भिंती मोजून गेला. म्हणाला, दाजी, तुमचं मन मोठं. कशाबद्दल ते कळलं नाही, पण आहे खरं.

१९ मार्च
बायको दुकानात आली. काचेसमोर बराच वेळ उभी होती. आत आली तेव्हा डोळे पुसत होती. म्हणाली, मला वाटायचं तुम्ही हे कधीच मान्य करणार नाही. काळजीने झोप उडाली होती माझी. आणि तुम्ही आपणहून ठरवलंत, तेही चारचौघांत, इतक्या ठळक अक्षरांत! तिने माझा हात धरला. लग्नानंतर माझा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.
तो नमुना आहे, हे सांगायला तोंड उघडलं. मिटलं. फार वाईट वाटलं.

२ एप्रिल
मेहुण्याच्या दुकानाची पाटी करायची होती. मी अर्थातच जाड सेरिफ सुचवला. तो म्हणाला, नको दाजी, त्या अक्षरांत लिहिलेलं लोकांना खरं वाटतं. मग गोल, गुबगुबीत टाइपात करून दिली. पोरकट. बायको म्हणाली, छान झालीय.
संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे स्टुलावर बसून कव्हरं पुसून देत होतो.
पाटीचा काही संबंध नाही. माल चांगला असेल.