पोटात होतीस तेव्हाचे नऊ महिने

अंबरनाथ पूर्व,
मंगळवार, दुपार

प्रिय उन्नती,

तुझं बदलापूर इथून एक स्टेशन आणि आई पत्र लिहिते म्हणून तू आधी हसशील. हस. फोनवर सांगायला गेले तर मी पहिल्या वाक्यालाच रडेन आणि तू "आई, पाणी पी" म्हणून विषय मिटवशील. दोन-चार ओळी झाल्या की हात दमतो, त्यामुळे हे लिहायला तीनेक दुपारी जाणार. तुझे बाबा उल्हासनगरला दुकानात जळक्या मोटरांत नवी तार भरत बसलेत. घरात पंख्याचा तेवढा आवाज आहे.

तुला सातवा लागला तेव्हापासून मला माझा सातवा महिना सारखा दिसतो. जागी असते आणि तरी दिसतो. भातकापणी उरकलेली असायची आणि मी संध्याकाळची चिखलोलीच्या धरणापर्यंत चालत जायचे. तेव्हा तिकडे इमारती नव्हत्या. चप्पल हातात घ्यायचे आणि बांधावरून अनवाणी जायचे. गवताची काडी टोचली, ओली माती लागली, की तळव्यांना ते कळायचं, आणि मला त्याचं इतकं अप्रूप वाटायचं की मी मुद्दाम हळू चालायचे. पाण्यावर ऊन पसरलेलं असायचं, तू आतून ढुशी द्यायचीस, आणि वाटायचं की हे असंच राहावं. तुझी आजी कौसाबाई म्हणायची, "सुनेला पोटुशीपण मानवलंय, नायतर बायका अशा धावतात का?" आयुष्यात मी तेवढी सुखी पुन्हा झाले नाही, हे तुझ्या बाबांना दाखवू नकोस, रुसतील.

तू माघात झालीस, माझ्या माहेरी. माझ्या आईनं चाळीस दिवस शेक-शेगडी केली. शेक घेतला की माझ्या डोळ्यांपुढे धुरकट व्हायचं, तिला वाटायचं ओव्याची धुरी जास्त झाली. तेव्हा नावही माहीत नसलेल्या माझ्या आजाराचा त्रास उष्णतेनं वाढतो, हे कुणाला ठाऊक होतं? तुला घेऊन सासरी आले आणि तिसरा महिना सरता सरता एका सकाळी मला उठताच येईना. कमरेखाली पाय होते, पण माझे नव्हते. आजी ओटीवर बसून सगळ्यांदेखत बोलली, "पोरीचा पायगुण बरा नाय. आल्या आल्या आयशीचे पाय घेतले." पुढचं तुला माहीत आहे. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हे नाव कळायला आणखी चार वर्षं गेली. आपल्याच शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला काही कळलं नाही. बाबांना मात्र लगेच कळलं. तांब्याच्या तारेवरचं इनॅमल गेलं की मोटर जळते, हे त्यांचं रोजचंच काम.

गेल्या महिन्यात तपासणीला नवीन डॉक्टर होत्या, इरा नावाच्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी पाळी, बाळंतपण, पाळी गेली कधी, सगळं विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी चिखलोलीचं सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, तेव्हा तुमची तब्येत चांगलीच असणार. बाळ हे आईच्या शरीराला अर्धं परकंच असतं. त्याला हाकलून देऊ नये म्हणून शरीर आपली भांडखोर सेना शांत करतं. इस्ट्रिऑल, प्रोजेस्टेरॉन ही बाईची संप्रेरकं त्या महिन्यांत खूप वाढतात, आणि त्यांच्यामुळे हा आजारही निवतो, शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. बाळ झालं की ती एकदम उतरतात, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत आजार उसळी घेतो. सगळं अजून कळलेलं नाही, हेही त्या म्हणाल्या. पण एवढं नक्की, की बाळ आजार आणत नाही. तू पोटात होतीस तोवर तो थोपवला गेला होता.

तू अकरा वर्षांची होतीस. मी शेजारच्या किर्तीला सांगत होते, "ही झाली नि माझे पाय गेले." मागे वळले तर तू दुधाची पिशवी घेऊन दारात. त्या दिवसापासून रोज माझ्या पायांना तेल लावायला लागलीस. पाळीच्या आधी माझे पाय जड होतात हे तुझं तूच हेरलंस, कॅलेंडरवर त्या दिवसांना गोल करायचीस आणि त्या दिवसांत खेळायला जायची नाहीस. मला सगळं कळत होतं. तरी मी पाय पुढे करत राहिले.

रविवारी आपले जावई, भूपेशराव, येऊन गेले. तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी का येत नाहीस, ते त्यांनी सांगितलं. आईला झेपणार नाही, हे तू वरवरचं कारण सांगितलंस. आपलं बाळ या घरात आलं तर आईच्या पायांतलं उरलंसुरलं बळही जाईल, असं तुला वाटतं. म्हणून आता खरं ऐक, नुसतं डॉक्टरचं नाही. लग्नाआधी, एकोणिसाव्या वर्षी, माझा डावा डोळा तीन आठवडे अंधुक झाला होता. त्यानंतरचा अख्खा हिवाळा तळव्यांना काही कळत नव्हतं. बघायला येणाऱ्यांना हे सांगायचं नाही, असं आईनं आणि मी ठरवलं. आजी ओटीवर बोलली तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस आणि मला बघायला आलेली माझी आई समोर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर तुझ्यावरचं गेलं असतं आणि माझ्यावर आलं असतं. मी गप्प राहिले. मग सोयीचं होतं म्हणून तेच मीही म्हणायला लागले. उन्नती, हा आजार माझ्यासोबत या घरात आला, तुझ्यासोबत नाही. काल बाबांनाही सांगितलं, ते अजून धड बोलत नाहीत. माफ कर म्हणणार नाही, ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. बाळंतपणाला यायचं की नाही ते तूच ठरव. पण बाळ झाल्यावर कुणी त्याच्या पायगुणाचं काढलं, मग ती मी का असेना, तर तिथल्या तिथे तिचं तोंड बंद कर. तुझ्या वेळी ते माझं काम होतं, आणि मी केलं नाही.

तुझीच, फार उशिरा बोललेली,
आई