निळं छत आणि मागचं दार

सेंट हेलेना बेट,
मे महिन्यातला एक रविवार

प्रिय कूटर,

फिलाडेल्फियातले लोक तुला मिस्टर हेझेकाया म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. आमच्यासाठी तू पाळण्यातल्या नावाने कूटर, म्हणजे कासव होतास आणि कासवच राहशील.

आधी माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. या देशात खाणकामगारांसाठी कायदे झाले, कोळ्यांसाठी झाले, कोंबडीला किती जागा द्यावी यासाठीसुद्धा झाले म्हणे. पण छताला रंग लावणाऱ्या माणसाच्या मानेचा विचार आजवर एकाही सरकारने केलेला नाही. मी कितीतरी दिवस आकाशाकडे बघतच हिंडते आहे. चर्चमध्ये पाद्रीबाबांना वाटलं, हिच्यात उशिरा का होईना भक्ती जागी झाली. ताटात काय वाढलंय ते मला वासावरून ओळखावं लागतं. हे पत्रही मी कागद भिंतीवर धरून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तर, तुझा फोन. तू म्हणालास, आई भर अंगणात रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते असं तुझ्या कानावर आलं; तुझ्या मार्वाने तुमच्याकडची मागची खोली रिकामी केली आहे, आणि जूनमध्ये येऊन तू आईला कायमची घेऊन जाणार. मी गप्प बसले, एवढ्यावरूनच तुला काळजी वाटायला हवी होती. आता बोलते, पण क्रमाने, कारण सुरुवात माझ्यापासून आहे.

गेल्या शरदातल्या वादळाने पडवीच्या छताचा निळा रंग सोलून नेला. मग बाबांचं आजारपण आलं, मग बाबा गेले, आणि छताकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. तू अंत्यविधीला आलास तेव्हा ते उघडंच होतं. तुझं लक्ष गेलं नसेल, तुला विमान गाठायचं होतं. वसंतात मी ठरवलं, ईस्टरला आई टोपल्या विकायला रस्त्यावरच्या टपरीवर गेली की छत रंगवून टाकायचं आणि तिला चकित करायचं. आपल्या घराला निळं छत नाही ही गोष्ट मला दाताला फट पडल्यासारखी सलत होती.

रंगासाठी पूल ओलांडून गावातल्या दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी रंगांचं एक कार्ड पुढ्यात ठेवलं. सगळे निळेच, आणि एकेकाला नाव असं की जणू आजारी राजकन्या: खाडीची कुजबुज, मोत्याची पहाट, शांत आत्मा. मी विचारलं, यातल्या कुठल्या निळ्याला भूत पाणी समजून माघारी फिरतं. बाई म्हणाल्या, "हे सगळेच धुता येतात." फाटकाच्या आतल्या, सुट्टीपुरत्या येणाऱ्या श्रीमंतांच्या त्या नव्या बंगल्यांना म्हणे हाच 'शांत आत्मा' लावतात. त्यांच्याकडे भूत जात नाही हे खरं आहे. पण ते रंगामुळे नव्हे, तिथे घाबरायला कुणी घरातच नसतं म्हणून.

शेवटी टेनाकाकूकडे गेले. तिच्या परसात अजून नीळ उगवते, आणि ती अजूनही जमिनीत खड्डा करून त्यात निळीचा गाळ, कालवांच्या शिंपल्यांचा चुना आणि ताक घोटते. कार्डावर हा रंग सापडायचा नाही. उन्हात तो हिरव्याकडे झुकतो, ढगात जांभळ्याकडे. गुलामीच्या काळात मालकांच्या हौदात पोटऱ्या बुडवून आपल्या माणसांनी जगभरच्या लोकांचे कोट निळे केले आणि हौदाच्या तळाशी उरलेला गाळ खरवडून आणून आपली दारं राखली. त्या दारांतल्या लोकांची नातवंडं आपण. ब्रश हातात घेतला की माझा खांदा आपोआप ताठ होतो. मान नंतर अडकते.

छत झालं, आणि सुंदर झालं. रस्त्यावरून जाणारे गाडी हळू करून बघत होते. आई आली, पायरीवर उभी राहिली, वर पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय गं, टिबी. तुझ्या आजीने लावला होता तस्साच." मग तिने आपली झुलती खुर्ची उचलली, अंगणात ओकच्या झाडाखाली नेऊन ठेवली, परत आली, बाबांची खुर्ची उचलली, तीही नेली. आणि त्या दिवसापासून ती पडवीत बसली नाही. चिलटांच्या ढगात, दमट वाऱ्यात, गुडघ्यावर घोंगडी घेऊन, गवताची टोपली विणत, बाबांच्या खुर्चीशी बोलत ती अंगणातच बसू लागली. खोकला धरला तरी आत यायला तयार नाही. मला वाटलं, ब्रशचे फराटे दिसताहेत म्हणून रुसली असेल. दुसरा हात दिला. तिने दोन्ही खुर्च्या आणखी लांब सरकवल्या.

ती बोलते हे नवं नाही, कूटर. बाबा गेल्यापासून ती रोज पडवीत त्यांच्याशी बोलत होती. फक्त तिथे जाईच्या वेलाआड कुणाला दिसत नव्हती. अंगणात आली तशी रस्त्याला दिसली, आणि रस्त्याला दिसलेली गोष्ट फिलाडेल्फियाला पोचायला वेळ लागत नाही.

तुझ्या फोननंतर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं, आई, बाबा गेले हे तुला माहीत आहे ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मीच शाळेत नापास होऊन आले आहे. म्हणाली, "त्याला आंघोळ मी घातली, सूट मी निवडला, बुटांच्या नाड्या मी बांधल्या. मेलाय म्हणून तर त्याची सोय बघावी लागते. जिवंत असता तर लाथ मारून दार उघडलं असतं त्याने." आणि मग टोपलीवरची नजर न उचलता म्हणाली, "तू पडवीभर पाणी करून ठेवलंस. आता तो कुठून येणार?"

मी तिथेच बसले. बाबांच्या खुर्चीत नव्हे. तेवढी अक्कल उरली होती. घराची राखण करायच्या नादात मी घरधन्यालाच बाहेर कोंडलं होतं. म्हटलं, उद्या सगळं खरवडून टाकते. तर ती आणखी चिडली: "आणि आपलं छत उघडं ठेवायचं? ती रात्रीची चेटकी बया झोपेत छातीवर येऊन बसली म्हणजे? आणि चर्चमधल्या बायका काय म्हणतील?" म्हणजे निळा हवा आणि नवराही हवा. दोन्ही मागण्या मला रास्त वाटल्या.

तोड टेनाकाकूने काढली. ती आपला रिकामा डबा न्यायला आली होती. दोन खुर्च्या अंगणात, आई खोकतेय, मी आकाशाकडे बघतेय, हे सगळं तिने एका नजरेत पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "डॉर्कस, तुझा झेब आयुष्यात एकदा तरी त्या पुढच्या पायऱ्या चढला होता का गं? पायाला खाडीचा चिखल, अंगाला कोळंबीचा वास. तूच तर बोंबलत त्याला मागून पिटाळायचीस. आता मेल्यावर एवढा कुठून साहेब झाला, पुढच्या दाराने यायला?"

आईने टोपली मांडीवरून खाली ठेवली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "बूट काढ, झेब, बूट काढ. चाळीस वर्षं हेच बोलत आले मी."

मग स्वयंपाकघराच्या दाराचा प्रश्न आला, कारण चौकट तिथलीही निळीच. जिवंतपणी त्यांना तिची अडचण नव्हती, आता होणार. मी खरवडणी घेऊन बसले आणि ती चौकट पार लाकडापर्यंत खरवडली. आपल्या वेळचा निळा, त्याखाली आजीचा, त्याखाली कुणाचा देव जाणे. आता त्या उघड्या दारातून बयाही आत शिरेल, ही शंका मीच काढली. आईने शांतपणे झाडू आणून दारात आडवा ठेवला. बयेला काड्या मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे तुलाही माहीत आहे. ती मोजत बसली की उजाडतं. "आणि बाबा?" मी विचारलं. "त्याने जन्मात कधी झाडूकडे पाहिलंय?" आई म्हणाली. "ओलांडून येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खुर्च्या पडवीत होत्या. बाबा आता मागून येतात, पाय धुतात, घरातून चालत पुढे येतात आणि बसतात, जसे नेहमी बसायचे. खोकला थांबलाय. परवा पुलापलीकडच्या कुणी बाईने गाडी थांबवून आईला विचारलं, हा रंग कुठला, कार्डावरचा नंबर काय. आई म्हणाली, "याला नंबर नसतो बाई, नातं असतं," आणि तिला एक टोपली विकली. चढ्या भावाने.

आता तुला कळलं असेल मी हे का लिहितेय. मार्वाला माझं प्रेम सांग, आणि ती खोली पुन्हा भरून टाकायला सांग. आईचं डोकं ठिकाणावर आहे. ती आपल्या घरातल्या जित्यांची आणि मेलेल्यांची ये-जा सांभाळते आहे, आणि हे काम तुमच्या नवव्या मजल्यावर एकाच दाराने होणार नाही. तिला न्यायला येऊ नकोस. नुसता ये. काल टोपलीची कड बांधताना तिने सहज विचारलं, कूटर का येत नाही. मी म्हटलं, कामं असतील. ती म्हणाली, "त्याला लिही, निळा रंग जिवंत माणसाला आडवा येत नाही. म्हणावं, पुढच्या दाराने ये. बूट घालून आलास तरी चालेल." बाबांना चाळीस वर्षांत जे मिळालं नाही ते तुला मिळतंय. हे पत्र तिच्या त्या एवढ्या वाक्यासाठी आहे.

थांबते. टेनाकाकूचा गुडघा गेल्यापासून तिच्या पडवीचं छत तसंच पोपडे धरून आहे, आणि तिने आपल्याला दिलेल्या रंगाचा शेवटचा डबा अजून अर्धा आहे. ती आत्ता चर्चच्या जेवणाला गेली आहे. ती परत यायच्या आत निदान पहिला हात मारून होईल.

छताखालून, मान वर करून,
तुझीच
टिबी