‘थांबलोय’ हिट झालं

३ मार्च, रविवार
अख्खं मेम्फिस शहर जिंकलं! सकाळच्या गॉस्पेल रेडिओवर माझं ‘थांबलोय’ दोनदा लागलं. येशूचं रॅप करणारे या गावात पैशाला पासरी, पण टायरच्या दुकानातून थेट रेडिओवर गेलेला मी एकटाच. गाण्याचा विषय साधा. देवानं माझी बायको अजून दाखवलेली नाही, तोवर मी थांबलोय. दुसरं कडवं तर झकासच. देव देईल ते पूर्ण देईल, अर्ध्यामुर्ध्यावर भागवू नकोस.

माझ्या मैत्रिणीनं, जेनेवानं विचारलं, तीन वर्षं चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसते ती मी कोण, खांब? म्हटलं, अगं, ही कला आहे. तिनं रेडिओ बंद केला. म्हणजे पटलं.

२० मार्च
अंगठी आणली. ईस्टरला जेनेवाला मागणी घालणार. ठरलं म्हणजे ठरलं.

३१ मार्च, ईस्टर
नाही घातली. माझा मावसभाऊ टायरी आता माझा मॅनेजर आहे. तो म्हणाला, भावा, तुझं लग्न ठरलं की गाणं मेलंच समज, थांबलेला माणूस थांबलेला दिसला पाहिजे. मुद्दा बिनतोड. शिवाय ‘थांबलोय’चे टी-शर्ट छापून झालेत. मागणी जूनमध्ये.

जेनेवाला गायकांच्या मागच्या रांगेत बसायला सांगितलं, फोटोत येऊ नये म्हणून. तिथून तिचा आवाजही छान लागतो.

१२ मे, मदर्स डे
चर्चच्या ज्येष्ठ मदर पर्नेल पांढरी हॅट घालून आल्या. एका हातात पाउंड केक, दुसऱ्या हाताला भाची. ही तिसरी. बाळा, देवानं हीच दाखवली असेल तर, म्हणाल्या. नको कसं म्हणणार? साऱ्या जगाला सांगून बसलोय. केक खाल्ला, भाचीशी दोन शब्द बोललो.

परत येताना जेनेवानं विचारलं, सगळ्यांसमोर तुझ्याबरोबर केक खायला मला कुणाची भाची व्हावं लागेल? मी हसलो. एकटाच.

१५ जून
बार्बेक्यूला नेलं जेनेवाला. लोक ओळखतात, म्हणून गाडीतच खाल्लं. मी पुढे, ती मागच्या सीटवर. रिब्ज मागे देताना सॉस तिच्या ड्रेसवर सांडला. बंद गाडीत उकडायला लागलं. काच खाली केली तर शेजारच्या गाडीत माझंच गाणं. पटकन वर केली.

मागणीला ही जागा योग्य नव्हती.

७ जुलै, रविवार
रेव्हरंडनी व्यासपीठावर बोलावलं. तरुणांनो, आपल्या डेल्विनसारखा धीर धरा, म्हणाले. अख्खं चर्च उभं राहिलं. मीही टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार? जेनेवा मागच्या रांगेत बसून होती.

नवा प्लॅन: गुपचूप लग्न, वर्षभर कुणाला सांगायचं नाही. तिला आवडेल.

४ ऑगस्ट
तीन रविवार रेडिओवर ‘थांबलोय’ नाही. टायरी फोन उचलत नाही. आता तो दुसऱ्याच कुणाचा मॅनेजर आहे म्हणे. मदर पर्नेलनी नुसती मान हलवली, केक नाही.

सुटलो! उद्या जेनेवाकडे. अगदी उघडपणे, पुढच्या दारानं.

५ ऑगस्ट
गेलो. ती स्कूलबस चालवते, सकाळची पहिली फेरी नुकतीच संपली होती. व्हरांड्यात बसवलं, गोड चहा दिला बर्फ घालून. मी गुडघा टेकला, सगळं बोललो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

रोज सकाळी बसमध्ये मी तुझं गाणं लावायचे, म्हणाली. आधी राग यायचा. मग एक दिवस दुसरं कडवं नीट ऐकलं. कळलं, की मीच अर्ध्यामुर्ध्यावर भागवतेय. आता पूर्ण मिळेपर्यंत मी थांबणार.

म्हटलं, अगं, ते मी नुसतं यमक जुळवायला लिहिलं होतं. असेना का, खरं आहे ते, म्हणाली.

मग गाण्याबद्दल तिनं माझे आभार मानले. अगदी मनापासून. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.