उपासना कोणत्या भाषेत

आजोबांना सलाम,

आपल्या चर्चमधली महिन्यातली एक उपासना हिंदीत घेऊ, असं मी जेवताना म्हणाले आणि तुम्ही ताट सरकवलंत.

"सुरतेच्या या कतारगामात देवाला चाळीस वर्षं मराठी कळतंय. आता त्याला हिंदीची ट्यूशन लावू का?"

"देवाला कळतं हो. हिंदी शाळेत शिकलेल्या आपल्या घरच्या आशेरला मराठी प्रवचन कळत नाही, म्हणून तो कडोदऱ्याच्या हिंदी मंडळीत जातो."

"मग तूही जा तिकडेच!"

मला जायचं नाही, आजोबा. इथंच राहायचंय, म्हणूनच उद्या चर्चच्या सभेत मी तुमच्याविरुद्ध मत देणार आहे. हे तोंडावर सांगवत नाही आणि हा कागदही तुमच्या हाती देववणार नाही. हात वर करताना तुमचा चेहरा दिसला, तर माझा हात खाली येईल. म्हणून मी पहिल्या बाकावर, तुमच्याकडे पाठ करून बसेन.

तुमचीच,
एस्तेर